पंख्याचा आवाज

नवं वर्ष उलटलं तरी अकरा खोके तसेच.
कुवाबारा रोज सकाळी त्यांच्यावरून फडकं फिरवायचा,
पुसल्याने जणू खपणार होते.
यंत्र चांगलंच होतं. पण नुसत्या चुलीकडे बघून
कुणाचं पोट भरतं?

फेब्रुवारीत तो खेळ आला,
ज्यात एक कोल्हा बर्फातून घर शोधत जातो.
गुरुवारी पहाटे पाचला, हाचिनोहेच्या बंदरी वाऱ्यात
शटरबाहेर चाळीस माणसं,
मासळीबाजारातली दोघं तर गमबुटांसकट.
नऊच्या आत अकराही गेले.
खोक्यांमागे भिंतीचा जुना रंग ताजा निघाला.
कुवाबारा हुरळला. फोन लावून साठ मागवले.

साठ उतरले त्याच दुपारी बातमी:
मेमध्ये नवं रूप. पातळ, हलकं,
पंखा वाजत नाही. दोन हजार येनांनी स्वस्त.
खेळ तोच, कोल्हाही तोच,
पण पट्टी न फाडताच साठ खोके म्हातारे झाले.
गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं,
"नवं कधी?"

एप्रिलअखेर नुकागाबाई आल्या, छत्री मिटत.
"जुनंच द्या. वाजणारं.
आमचं बिघडलं.
हे रात्री खेळत बसायचे ना,
पंखा थांबला की मला कळायचं,
आता येतील झोपायला."
"आता कोण खेळतं?"
"कुणी नाही. नुसतं चालू ठेवते."

त्याने किंमत उतरवली.
त्यांनी पूर्ण मोजली.

वहीत त्या आठवड्याची विक्री: एक.
उरलेल्यांवरून फडकं न फिरवताच
त्याने शटर ओढलं.