बारावं नाव

खर्रा घोटताना माझा हात थांबत नाही,
हे अख्ख्या मोहटोल्याला माहीत आहे.
त्या संध्याकाळी थांबला.

ठेल्यावर सात जण. रग्बीचा संघ निवडायचा होता,
आशियाई स्पर्धेचा, बायकांचा,
सात जणींचा खेळ, बारा जणींचा संघ.
दिल्लीवाल्यांची यादी रात्री नवाला येणार,
त्याआधी आपली तयार पाहिजे, असं पतिराम म्हणाला,
ज्यानं धानाच्या सोसायटीत आजवर
पडणाराच उमेदवार निवडला.

बिस्किटाच्या खोक्याचं झाकण फाडलं.
चुन्यात काडी बुडवून
फत्तू वाघाडेनं अकरा नावं लिहिली.
अकरातली एकही आम्ही समोर पाहिली नव्हती.
मोबाईलच्या काचेवर, बोटाएवढ्या, पळताना, तेवढंच.
तरी मधात कोण उभी राहील यावरून
हिरामण आणि ओमेश्वर कॉलरपर्यंत गेले.

"त्या केरळवालीले कायले घेता बे? दमच नाही तिच्यात."
"दम तुह्यात नाही. तिचा पास पाहय."
"पास तं मांगंच टाका लागते.
मांगं टाकाले का दम लागते?"

नान्हे मास्तरांनी चष्मा काढला.
"इस्वास लागते, बापा.
न पाहता टाका लागते,
का कोणी तरी हाये तिथं."

सगळ्यांनी एकदम आपापल्या पाठीमागं पाहिलं.
सायकली होत्या.

राहिली बारावी.
एकीकडे झारखंडची अनिमा टोप्पो,
एकीकडे आमची आचल कुमरे. म्हणजे वादच नाही.
धान कापल्यावर जी बांदी उरते,
धसकटांनी पोटऱ्या सोलणारी,
तिच्यात शिकली पोरगी.
पहिल्यांदा तो चेंडू गावात आला तेव्हा
पतिरामची बायको म्हणाली होती,
हे पपई पिकाले कवा घालाची?

फत्तूनं काडी बुडवली.
पहिलं अक्षर काढलं,
आणि तेवढ्यात इमलाबाई आली.
आचलची माय. राइस मिलमधून सुटलेली,
भुवयांवर कोंडा.
दहाची सुपारी मागितली आणि झाकणाकडं पाहत राहिली.
तिला वाचता येतं, हे आम्ही विसरलो होतो.

"तिचं नोका लिहू.
थ्या टोप्पोच्या पोरीचं लिहा."

कोणी हसलं. मग नाही हसलं.

"आमची पोरगी समोरचीले पाडाच्या टायमाले डोळे मिटते.
लहानपणापासून. बकरी धरे तं डोळे मिटून धरे.
सापडे बी. पण मिटते.
थे टोप्पो नाही मिटत.
मी सतरा खेपा पाह्यलं."

हिरामण चिडला. "काकू, पोरगी तुमची हाये
का त्यायची?"

"माही हाये मनून तं मले दिसते."

सुपारीची पुडी पदराला बांधताना तिनं विचारलं,
"तिची माय का करते?"
"कोणाची?"
"टोप्पोची."
ओमेश्वरला टोप्पोचे शंभर मीटरचे सेकंद पाठ होते,
वजन, उंची, मोडलेलं बोट कोणतं तेही.
तो खाली पाहून चप्पल घासत राहिला.

ती घराकडं गेली नाही.
तलावाच्या पाळीवर चढली,
जिथं दोन काड्या रेंज येते.
नवाला अजून पाऊण तास होता.
तिथून तिचा मोबाईल पेटायचा, विझायचा,
पेटायचा.

मी पुन्हा घोटायला लागलो.
खर्रा जास्तच घोटला गेला, पार भुकटी,
गिऱ्हाईक काही बोललं नाही.

काडीवरचा चुना वाळत चालला.
"आता का करू?" फत्तूनं विचारलं.
झाकणावर बाराव्या ओळीत
नुसता अ होता.
काना द्यायचा
की नाही.