कळकलेली तार

टॉडमॉर्डनमधलं हे घर दगडी,
भिंती दोन-दोन फूट जाड.
जिना चढेपर्यंतच सिग्नल दमतो.
पण त्या रविवारी मी खाली होतो, स्वयंपाकघरात,
राउटरच्या अगदी कुशीत,
तरी यामिनी अडकलीच:
उजवा हात छातीवर, बोटं अर्धी मिटलेली,
तोंड किंचित उघडं,
आणि पाठीमागे मिरजेतला पंखाही थांबलेला.

कंपनीच्या फोनवरचा मुलगा म्हणाला,
व्हिडिओ बंद करून बघा, आवाज नीट येईल.
म्हटलं, आवाज नकोच आहे मला.
आवाज तुम्हीच ठेवा.
तो गोंधळला. मग राउटर बंद करून
मला तीसपर्यंत मोजायला लावलं.
मोजले. बोटांवर.

आमच्या खुणा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.
त्या आम्ही दोघांनी भांडत भांडत केल्या,
ओसरीवर, ती सहा वर्षांची नि मी चार.
छातीवर हात, बोटं अर्धी मिटलेली,
ही 'दुखतंय'ची सुरुवात,
'बटण'चीही,
आणि अण्णा गेल्यापासून 'अण्णा'चीही.
अंगठा पुढे कुठे वळतो त्यावर सगळं.
लिहून पाठव म्हटलं,
तर नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला.
लिहिलेलं तिला उष्टं लागतं.

आठवडाभर काय काय केलं.
राउटर मायक्रोवेव्हपासून उठवून खिडकीत बसवला,
तिथून फ्रिजवर, तिथून परत खिडकीत,
रुसलेल्या जावयासारखा.
एकोणतीस पौंडांचा बूस्टर आणला,
तो हिरवा दिवा लावून स्वस्थ बसला.
शेजारच्या मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या,
पाऊस पडला की आमचंही जातं,
आणि स्वतःच हसल्या, कारण इथे
पाऊस नसतो कधी?
शेवटी जुना फोन माळ्यावरून काढला,
भिंतीतल्या सॉकेटला लावून कानाशी धरला.
रिकाम्या लाइनवर शांतता असायला हवी.
तिथे मोहरी तडतडत होती.

लहानपणी दिवे जायचे,
तेव्हा घरातली बाकीची माणसं
अंधारातही गप्पा मारत राहायची.
आमचं दोघांचं मात्र बोलणंच जायचं.
मग ती चाचपडत माझा तळहात शोधायची
आणि त्यावर बोटाने सांगत बसायची,
बहुतेक वेळा तक्रारी.
मेणबत्ती सापडली तरी
मी लगेच हात काढून घ्यायचो नाही.

गुरुवारी कीरन आला, शिडी घेऊन.
राउटरकडे त्याने बघितलंही नाही.
समोरच्या खांबावर चढला, डबा उघडला,
डब्यातून चमचाभर पाणी ओतलं,
आणि खाली येऊन माझ्या तळहातावर ठेवला
इंचभर तुकडा. तांब्याचा. हिरवागार.
त्याने काही शब्द सांगितला त्याच्या धंद्यातला.
मला आठवलं कल्हई उडालेलं पातेलं
आणि त्यात कळकलेलं ताक.
दहा मिनिटांचं काम, म्हणाला,
भिंतींना उगाच बोल लावलात.
घाई कसली होती, विचारलं.
मी सांगितलं.
तो 'बरं' एवढंच म्हणाला,
आणि झालेली टेस्ट पुन्हा दोनदा केली.

रविवार. पंखा फिरतोय.
तिच्या मागे कुणीतरी कांद्याची पिशवी ओतली,
एक कांदा घरंगळला, तोही पूर्ण दिसला.
मी विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होतीस?
आणि हात छातीवर ठेवला, बोटं अर्धी मिटली,
तिचीच तिला दाखवली.
ती बराच वेळ बघत राहिली.
इतका वेळ, की मी राउटरच्या दिव्याकडे पाहिलं.
मग म्हणाली, आठवत नाही.
मग स्क्रीनच्या जवळ आली,
कपाळाला आठ्या घालून:
अंगठा चुकतोय तुझा.
विसरत चाललास.
पुन्हा कर.

केलं.
पुन्हा, म्हणाली.