आडवी रेघ

कुडचड्याच्या स्टेशनामागे, फेलिसियानच्या बंद पार्लरात
पडद्यावर एकच आडवी रेघ.
विमाने, शत्रू, डोंगर, सगळे तिच्यात चेपलेले,
मिठातल्या बांगड्यांसारखे.

मागची फळी काढली. पालीची अंडी, खाणीची तांबडी धूळ.
खाण थांबून वर्षे झाली,
ही अजून कामावर.

डावा हात खिशात. हे कुणी शिकवले नाही,
एकदा झटका बसला, त्याने शिकवले.
पेचकस टेकवला ट्यूबच्या कानाशी: टक्!
केवढी वीज धरून बसली होती,
तारेवाचून, एकटी.

डाख सुटलेला सापडला. केसाएवढी भेग, बस.
कावियाचा धूर माझ्या डोळ्यांत,
फेलिसियान मागून, "जातलें?"
मी गप्प.

रेघ थरथरली, वरखाली फाटली,
आणि आभाळ उघडले,
जरा हिरवट, कडांना वाकलेले.

त्याने गल्ला उपसला. फट जुन्या आठ आण्यांची,
नवे नाणे आत जाईना.
मग दोन स्टुले ओढून आम्ही
यंत्र स्वतःशीच खेळते ते बघत बसलो.
तिसऱ्या डोंगरापाशी विमान पडले.
"मी वाचवलं असतं," तो म्हणाला,
आणि पुन्हा पडेपर्यंत थांबला.