उणे सहाशे वीस

आमच्या घराच्या कौलांवरून समुद्र जातो.
म्हणजे गेला असता, बांध नसता तर.
हॉलंडच्या त्या खोलगट तुकड्यात
शून्य डोक्यावर असतं,
आणि माणसं उणे सहाशेवर बटाटे लावतात.

वडील, क्राइन, पंपघराचे राखणदार.
भिंतीला इनॅमलची पांढरी पट्टी, काळे आकडे,
प्रत्येक आकड्यामागे एक आडवी रेघ.
पहाटे मी वाचायचे, ते वहीत उतरवायचे.
एकदा म्हणाले, "पाणी वाढलं,
काल सहाशे वीस होतं, आज सहाशे तेवीस."
त्यांनी मला पायरीवर उभं केलं.
"काल इथे मोजे भिजले होते. आज?"
आज पायरी कोरडी होती.
शून्याखाली आकडा जितका मोठा तितकी संख्या लहान,
हे मला मोज्यांनी शिकवलं.

बाकीचंही असंच, कामाच्या मधे मधे.
चर खणला की बाजूला बांध उभा राहतो,
जितका खड्डा तितकाच उंचवटा.
"लोट ती माती परत आत. काय उरलं?"
सपाट जमीन.
"त्याला काही नाही म्हणू नकोस, नेल्त्ये,
त्यावर गाय उभी राहते."

शिडीवर चार वर, मग सात खाली,
किंवा आधी सात खाली, मग चार वर,
पोचशील तिथेच.
पाय तेवढे वेगळ्या वेळी भिजतील.

आणि कितीही चढ, कितीही उतर,
मिळव, वजा कर, गुण,
शिडीबाहेर पाऊल पडत नाही.
वाटायला गेलीस तरच मोडते पायरी.
सात अंडी होती, आम्ही दोघं भावंडं.
आर्टने सातवं अंडं टेबलावर फोडलं
आणि माझ्याकडे बघून हसला.

उण्याला उण्याने गुणलं की अधिक का होतं,
हे शाळेत मास्तरांनी फळ्यावर नुसतं लिहून टाकलं.
मी रडत घरी आले. इंजिन धडधडत होतं.
"पंप तासाला तीन उतरवतो, हे एक उणं.
दोन तास मागे जा, हे दुसरं.
तेव्हा पाणी कुठे होतं?"
सहा वर.
त्यांनी तेलकट हात पुसला, विषय संपला.
सगळी उणी अशी गुणता आली असती तर.

आई गेली त्या हिवाळ्यात घरात बेरीजच चालली,
उण्यात उणं.
वडिलांनी आर्टची उणीदुणी काढली, आर्टने त्यांची,
आणि एका सकाळी सायकल नव्हती.
रॉटरडॅमला, गोदीत, एवढंच कळलं.

मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून पाहिलं:
आर्टमधून वडील वजा,
वडिलांमधून आर्ट वजा.
क्रम बदलला तर चालत नाही इथे.
अंतर तेवढंच राहतं, दिशा उलटते.
दोघांनाही वाटत होतं, सोडून गेला तो दुसरा.

अकरा वर्षांनी पत्र आलं.
अधिक-उणं बोललो असेन, असं काही त्यात नव्हतं.
एकच ओळ होती, "पाणी किती आहे?"
वडिलांनी चष्मा लावला, टॉर्च घेतली,
वही समोर असूनही
पट्टीपर्यंत चालत गेले.

आता पंप आपोआप चालतो.
आकडा माझ्या फोनवर येतो,
ओल्या जिन्याचा वास येत नाही.
काल आर्टची धाकटी, बार्ता, गुडघ्यावर बसून
काठीने गाळ उकरत होती.
पट्टी गाळात जाते तिथे शेवटचा आकडा अर्धा बुडालेला.
"याच्या खाली काय आहे?"
म्हटलं, पत्रा संपतो गं तिथे.
"आणि आकडे?"
मी सवयीने मागे वळले.
पंपघराचं दार बंद होतं.
ती उकरतच राहिली.