हजेरी

ऐरोली, सेक्टर आठ. नऊ वाजले.
टेबलावरची चटणीची बरणी
खिडकीत सरकवली की शाळा भरते.

पहिलीची पुस्तकं आली खोक्यातून, सातासमुद्रापलीकडून.
त्यांत लाल कोठार, बर्फ, सफरचंदं,
नोहाच्या तारवात चढणारी अस्वलं.
तबिथा विचारते, फ्लेमिंगो कुठायत?
खाडीवर तर ढिगानं होते, परवाच्या रविवारी,
उपासनेनंतर मोजले आपण, शंभराला तू कंटाळलीस.
मी म्हणते, मागून आले असतील.
ती गुलाबी खडू शोधते.

पाचवा दिवस: मासे आणि पक्षी.
मी 'बोंबील' लिहून देते,
अनुस्वार ती दोनदा देते.
वजाबाकीला वाल. सातातून तीन गेले.
कुठे गेले, हे तिला आधी कळायला हवं.

सासूबाई फोनवर:
पोर चार पोरांत वाढावं गं.
मी हो म्हणते.
रात्री प्रार्थनेतही याच वाक्याला अडखळते.

मधल्या सुट्टीत तिनं हजेरीपुस्तक केलं,
जुन्या डायरीत, पट्टीनं रेघा मारून.
तबिथा हिवाळे? हजर.
आई?
कुकरची तिसरी शिट्टी. हजर गं, हजर.
देव?
थोडी थांबली, वर न बघताच
बरोबरची खूण केली.
मग खालच्या मजल्यावरचा शर्विल,
साडेसातच्या बसनं गेलेला.
त्याला तीनदा हाक मारली
आणि नावापुढे 'गै' काढला,
मोठा,
कागद फाटेस्तोवर दाबून.