स्केल काय?

मकदूमभाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच :
आधी नाव वाच, मग तारीख,
मग स्केल. हृदय सगळ्यात शेवटी.
लहान घर चाळीस मिलिसेकंद,
मोठं त्याच्या पाचपट.
दोन सुळक्यांमधली मोठी घरं मोज
आणि तीनशेला भाग.

रेणापूरच्या ग्रामीण रुग्णालयात
पंख्यानं कागद उडू नये म्हणून
जेलची रिकामी बाटली ठेवून
मी पेन्सिलीनं मोजत बसायचे.
पी ही आधीची छोटी टेकडी,
मग सुळका, मग सपाट तुकडा,
मग टी, दमून उतरणारी.
एव्हीआर उलटीच असते, घाबरायचं नाही.
ती सरळ दिसली तर तारा तपास :
उजवा हात लाल, डावा पिवळा.

पहाटे चारला गुंडेराव हणमंते आले.
निवृत्त मोजणीदार, साखळी ओढून
अर्धा तालुका मोजलेला माणूस.
छाती घामानं निथळत होती,
फुगे धरेनात, पुसून पुसून लावले.
"पोटखराबा असंल, पोरी,"
हसायला गेले, जमलं नाही.

कागद सरसरत बाहेर आला.
मान वळवून तेही बघत होते.
"स्केल काय?"
सेकंदाला पंचवीस मिलिमीटर.
"अन् उभं?"
दहा मिलिमीटरला एक मिलिव्होल्ट.
त्यांनी मान हलवली,
आम्ही एकाच खात्यात असल्यासारखी.

सुळक्यानंतरचा तो तुकडा
जमिनीला यायला हवा होता.
व्ही टू. व्ही थ्री. व्ही फोर.
आला नव्हता.
पुस्तकात या आकाराला जे नाव आहे
ते मी मनातसुद्धा घेतलं नाही.

"बांध सरकलाय का?"
बोट नेमकं तिथंच.
चौतीस वर्षं दोन भावांच्या मधे उभं राहून
हेच सांगत आलेला माणूस.
हो, म्हणाले.
"किती?"
तीन घरं.
"ल्हान का मोठी?"
लहान.
"मंग मिटंल," म्हणाले, आणि डोळे मिटले,
आणि मी ओरडून सिस्टरांना बोलावलं.

इंजेक्शन. घड्याळ. दीड तासानं दुसरा कागद :
एक घर, फार तर सव्वा.
मग लातूरची अँब्युलन्स,
दार लावेपर्यंत त्यांचा एक पाय चादरीबाहेर.

साडेआठला मकदूमभाई डबा घेऊन आले.
दोन्ही कागद खिडकीशी धरून बघितले,
बराच वेळ.
"नाव बरोबर आहे," म्हणाले.
"पहिल्यावर तारीख टाकली नाहीस."