रकाना

टेंभीपाड्याच्या चढावर एकवीस वर्षं
मी रोज संध्याकाळी पैसे गोळा करत फिरलो.
कुणाचे दहा, कुणाचे वीस, सणाच्या आधी पन्नास.
शेकड्याला तीन रुपये माझे.
माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
'पिग्मी आला' म्हणायचे
आणि गल्ल्यात हात घालायचे.

पासबुकात महिन्याचे एकतीस रकाने.
पैसे नसतील त्या दिवशी रकाना कोरा सोडायचा, असा नियम.
मी सोडत नसे.
पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहून ठेवी :
'वीज नव्हती.' 'पोरीला कावीळ.' 'भावकीत भांडण.'
रामदुलार इस्त्रीवाल्याचे एका मार्चमध्ये सलग तेरा,
पहिल्यात एकच शब्द : 'आई'.
त्या तेरापैकी चारांत मी माझ्या खिशातले दहा-दहा भरले.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग आले ते चौकोनी ठिपक्यांचे कागद,
आणि मागाहून बोलणारी डबी.
कंपनीचा पोरगा, निनाद, गळ्यात पट्टा,
दुकानागणिक चिकटवत चढ चढला.
स्टिकर फुकट. पैसे पोचवणं फुकट.
मी विचारलं, बाबा रे, मग तुम्ही विकता काय?
म्हणाला, काका, आधी सवय.
पुढचं पुढे.

पुढचं दीड वर्षाने कळलं.
डबी सगळं मोजत बसली होती :
मोईन चावीवाल्याकडे गिऱ्हाईक तीननंतरच फिरकतं,
शबनमच्या मॅचिंग सेंटरात लग्नसराईत किती, पितृपक्षात किती.
जे मला एकवीस वर्षांत पाठ झालं
ते तिला एका उन्हाळ्यात.
मग तेच तिने ज्याचं त्याला कर्ज म्हणून विकलं.

खोटं कशाला बोलू?
शबनमने आमच्या पतपेढीत तीनदा अर्ज केला होता.
दोन जामीनदार आणा, म्हणाले. नवऱ्याची सही आणा.
नवरा कुठे नांदतो हे अख्ख्या चढाला माहीत.
त्याच महिन्यात अध्यक्षांच्या भाच्याला जीपसाठी मंजुरी.
तिचा अर्ज मीच परत नेऊन दिला, घडी घालून.

डबीने तिला दोन मिनिटांत चाळीस हजार दिले.
जामीन कुणाचा? तिच्याच गल्ल्याचा.
त्या संध्याकाळी तिने मला पेढा दिला
आणि पिग्मी बंद केली.
पेढा चांगला होता.

आता रोज रात्री विक्रीतून हप्ता आपसूक कापला जातो.
कुणी दारात उभं राहत नाही,
कुणापुढे तोंड लपवावं लागत नाही.
हे सुख आहे, मी नाकारत नाही.
पण यंदा रामदुलारचा बाप गेला, तो गावी गेला,
इस्त्री थंड, डबी मुकी,
परत आला तर त्याची पत
पायरी चुकल्यासारखी घसरलेली.
फोन पुढे करून म्हणाला, 'भाऊ, बाप मेला ते कुठे लिहायचं?'
मी चष्मा लावला, सगळी पानं खालवर सरकवली.
नाव, पॅन, आधार, अंगठा, चेहरा.
तेवढा रकाना नव्हता.

पतपेढी मुलुंडच्या कुठल्याशा बँकेत विरघळली.
निनादनेच मला कामाला लावलं.
स्टिकरमागे साठ रुपये. चढ माझ्या पायाखालचा.
मी चिकटवतो, कोपरे अंगठ्याने दाबून, नीट.

एक गोष्ट मात्र अजून अंगवळणी पडत नाही.
पूर्वी आकडा मी हळू सांगायचो.
शबनमकडे तर नुसता ओठांनी :
वर पोटमाळ्यावर सासू पडलेली असे,
त्या वीस रुपयांची तिला खबर नव्हती.
काल शबनमकडून अस्तराचं कापड घेतलं, पैसे धाडले,
आणि डबी गल्लीभर ओरडली :
'एकशे दहा रुपये प्राप्त झाले.'

मी दचकून पोटमाळ्याकडे पाहिलं.
शबनमनेही.
सासू जाऊन तीन वर्षं झाली.